शकूची कर्दळ

शकू गेल्याचा निरोप मनीषानं फोनवर दिला. मनीषा म्हणजे शकूची सून. सकाळची वेळ होती, मी अंगणात मेथी निवडत बसले होते. "मावशी, आई गेल्या," एवढंच म्हणाली आणि तिला रडू फुटलं. कशानं गेली विचारलं, तर छातीत कळ आली, सोनईच्या दवाखान्यात न्यायला गाडी काढली आणि गाडीतच तिनं मान टाकली. मी "बरं" म्हणाले. माणूस गेल्याच्या निरोपाला कुणी बरं म्हणतं का? पण माझ्या तोंडून तेच आलं. फोन ठेवला आणि उरलेली मेथी निवडून काढली. दोन वर्षांहून अधिक काळ आम्ही दोघी एकमेकींशी बोलत नव्हतो. एका गावात राहून, एका रस्त्यानं जाऊन-येऊन बोलत नव्हतो.

अंत्यविधीला गेले. बायकांच्या मागं उभी राहिले. मला बघून बायका बाजूला सरल्या, वाट करून दिली, कारण शकूची जिवाभावाची मैत्रीण पुढं येणार हे त्यांनी धरूनच चाललेलं. मी पुढं गेले नाही. तोंडही बघितलं नाही. त्यानंतर काही आठवड्यांनी नगरहून या पुरवणीच्या संपादकबाईंचा फोन आला. गावच्या माजी सरपंच शकुंतलाताईंनी सांडपाण्यावर फुलं फुलवली, त्यांच्याबद्दल तुम्हीच लिहायला हवं, तुम्ही दोघींनी मिळून केलंत ना ते सगळं, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, लिहिते, पण जसं आहे तसं लिहीन. "हो हो, अगदी मोकळेपणानं लिहा," असं त्या आनंदानं म्हणाल्या. तेव्हा आता त्यांनी तक्रार करू नये.

आमचं गाव उतारावर वसलेलं आहे. वर शेतकऱ्यांची आळी, मधे चार दुकानं, मशीद आणि शाळा, आणि अगदी खाली ओढ्याकाठी आमची ख्रिस्ती वस्ती. पाणी उतारानं खालीच येणार, त्यात कुणाचा दोष नाही. माझ्या लहानपणी वरून यायला पाणीच नव्हतं. डोक्यावरून हंड्यानं पाणी आणणारं घर सांडून सांडून किती सांडणार? भांडी घासलेलं पाणी परसातल्या अळवाला, आंघोळीचं केळीला, की संपलं. मग घरोघर नळ आले. नळ आले त्या दिवशी गावात पेढे वाटले. नळाच्या मागोमाग गटारही येतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. न्हाणीचं, धुण्याचं, गोठे धुतलेलं असं सगळ्या गावाचं काळं पाणी आमच्या चर्चच्या भिंतीला घासून ओढ्याला जायला लागलं. आणि ओढ्याच्या काठावरच आमची विहीर.

या विहिरीबद्दल थोडं सांगायला हवं, त्याशिवाय शकू कळायची नाही. गावचं पाणी, आधी वरच्या विहिरींचं आणि आता नळाचं, जड आहे, त्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. आमच्या विहिरीचं पाणी गोडं. म्हणून वरच्या आळीतल्या बऱ्याच घरांतून एखादा हंडा आमच्या विहिरीवर यायचा, डाळीपुरता आणि म्हाताऱ्यांच्या पिण्यापुरता. पूर्वी त्याचा उच्चार व्हायचा नाही. गडी पाठवायचे, तोही आडवाटेनं. शकू मात्र लहानपणापासून स्वतः कळशी घेऊन भर रस्त्यानं यायची. आम्ही एका वर्गात होतो. पाणी भरून झालं की आमच्या ओट्यावर बसून माझ्या आईच्या हातची भाकरी खायची आणि म्हणायची, "आमच्या आजीला वाटतं डाळ देवानं शिजवली. मी काय सांगत न्हाई तिला." आणि एवढ्यानं खदखदून हसायची, की आईसुद्धा चुलीपुढून हसायला लागायची.

तिचं लग्न गावातल्या गावात झालं, आत्याच्या घरी. मी नर्सिंग शिकले, नोकरीत श्रीगोंद्याच्या ऊसपट्ट्यात राहिले, भंडारदऱ्याकडच्या डोंगरात राहिले, आणि निवृत्त होऊन भावाशेजारी घर बांधून परत आले. परत आले त्याच आठवड्यात ती कळशी घेऊन दारात. केस पिकलेले, गुडघे कुरकुरणारे, बाकी तीच. "आलीस का? ये. मला वाटलं तिकडंच मरतीस." हे तिचं स्वागत.

सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा शकूचं नाव पुढं आलं. सगळ्यांना वाटलं, सही ती करेल आणि कारभार नवरा बघेल. नवऱ्यालाही तसंच वाटत होतं. पहिल्या सभेला तो तिच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला, तेव्हा ती सर्वांदेखत म्हणाली, "अवो, म्हशीचं दूध काढायचं ऱ्हायलंय." तो उठून गेला तो पुन्हा त्या खुर्चीवर बसला नाही. चांगला माणूस होता तो, थोड्या वर्षांनी वारला. त्यानं ही गोष्ट स्वतःच लोकांना सांगून हसवलं.

आणि एक दिवस ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. त्या पावसाळ्यात वस्तीत जुलाब-उलट्यांची साथ आली होती. दर पावसाळ्यात यायचीच. शकूच्या घरातही दोघं आजारी होती, कारण पाणी त्यांच्याकडंही आमच्याच विहिरीचं. ती म्हणाली, "रेबे, तू जन्मभर लोकांच्या शी-शूच्या बाटल्या तपासल्या. आता माझ्या गावाची तपास." मी म्हटलं, तपासायला कशाला पाहिजे, वास येतोय की. गटाराचं पाणी विहिरीत झिरपतंय. "मग अडवायचं कसं?" तिनं विचारलं. मला ठाऊक होतं तेवढं मी सांगितलं. डोंगराकडच्या नोकरीत एका आश्रमशाळेच्या मागं बघितलं होतं. गटाराच्या तोंडाशी कचरा अडवायला जाळी, मग गाळ बसायला टाकी, आणि टाकीतून पाणी खडी-वाळूच्या लांबलचक वाफ्यात सोडायचं. वाफ्यात कर्दळ लावायची. पाणी खडीतून सावकाश सरकतं, मुळांशी घाण मुरते, कुजते, आणि पलीकडच्या तोंडातून निवळ पाणी बाहेर येतं. वीज नको, यंत्र नको. फक्त वाफा कधी कोरडा पडता कामा नये, एवढंच पथ्य. शकू ऐकत होती. "कर्दळ? ती देवळापुढं असती ती लाल फुलाची?" मी हो म्हटलं. "आन् ती आमची घान खानार?" मी पुन्हा हो म्हटलं. "लई सोसती म्हनायची," असं म्हणून ती उठली.

यानंतरची दीड-दोन वर्षं ती कशी धावली हे मी डोळ्यांनी बघितलं आहे, आणि ते नाकारणार नाही. तालुक्याला खेटे घातले. गटारात कर्दळ म्हटल्यावर वरच्या आळीतले लोक फिदीफिदी हसले, तर भर पारावर म्हणाली, "तुमच्या घरातलंच हाय ते, लाज तुमाला वाटाया पायजे." जागेचा प्रश्न आला. विहिरीच्या वरच्या अंगाला उताराची योग्य जागा एकच होती, माझ्या भावाच्या, दानीएलच्या शेताची पट्टी. दानीएल मुखदुर्बळ माणूस, पण त्या वेळी स्पष्ट बोलला. "शकुंतलाबाई, गावाचं सगळं घाण पानी मी माझ्या रानात घेऊ? आज तुमी हाय. उद्या वरच्यांनी दुर्लक्ष केलं तर आमच्या उशाशी डबकं हुईल." शकू त्याला घेऊन विहिरीवर गेली. कठड्यावर हात ठेवून म्हणाली, "दानीएलभाऊ, ह्या पान्यात माझी डाळ शिजती. हिला मी घान लागू दीन व्हय?" दानीएलनं पट्टी दिली. तिच्या शब्दावर दिली, फुकट दिली.

आमच्या भागात सांडपाण्याला एक मोल आहे, ते बाहेरच्यांच्या ध्यानात येत नाही. काळं पाणी घासाला फार मानवतं. गाईंचा घास त्या पाण्यावर असा माजतो की कापून सरत नाही. उन्हाळ्यात जिथं विहिरी तळाला जातात, तिथं बारमाही वाहणारं काही असेल तर ते गटारच. असले वाफे बहुतेक गावांत मरतात ते याच कारणानं. घाण पाणी वाफ्यापर्यंत पोचायच्या आधीच कुणीतरी वरच्या वर मोटर लावून उपसतो. शकूला हे चांगलं ठाऊक होतं, शेतकऱ्याचीच मुलगी ती. पहिल्याच ग्रामसभेत तिनं सगळ्यांकडून कबूल करून घेतलं की वाफ्याच्या वर कुणी मोटर टाकायची नाही. निवळ होऊन बाहेर पडलेलं पाणी मात्र ज्याला पाहिजे त्यानं न्यावं. एका बड्या बागाईतदारानं ते मोडलं, तर बाईनं स्वतः त्याचा पाईप ओढून काढला आणि मारुतीच्या पारावर आणून टाकला. "ज्याचा असंल त्यानं घिऊन जावा," म्हणाली. पाईप कितीतरी दिवस पारावर पडून होता, न्यायला कोण येणार!

वाफा तयार झाला त्या दिवशी शकूनं नारळ फोडला, आमच्या पाळकांनी प्रार्थना केली, मशिदीतले मौलवीही येऊन उभे राहिले. कर्दळीचे गड्डे आम्ही बायकांनी लावले. पलीकडच्या तोंडातून पहिलं निवळ पाणी आलं तेव्हा शकूनं ओंजळ भरून नाकाला लावली आणि ओरडली, "वासच न्हाई गं!" मग सगळ्या बायकांनी ओंजळी भरभरून वास घेतला. कुणी बघितलं असतं तर आम्हाला वेड्यात काढलं असतं. पुढच्या पावसाळ्यात वस्तीत साथ आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी नर्स आहे, मला त्याचा अर्थ कळतो. लहान मुलांच्या हातापायांना सलाईनच्या सुया शोधत माझं आयुष्य गेलं होतं, आणि इथं माझ्या स्वतःच्या वस्तीत पावसाळा कोरा जात होता. संध्याकाळी आम्ही दोघी वाफ्यावर जायचो, वाळकी पानं काढायचो, जाळीत अडकलेल्या शाम्पूच्या पुड्या वेचायचो. शकू पुडी बघून कुणाच्या घरची ते सांगायची आणि त्या घरापुढून जाताना मुद्दाम थांबून त्यांची चौकशी करायची, "काय, आज केस लई चमाकत्यात!" इतकं चांगलं दुसरं काही मी आयुष्यात केलेलं नाही, आणि ते तिच्यासोबत केलं.

मग ते कोरडं वर्ष आलं. पाऊस पडला नाही म्हटलं तरी चालेल. शकूचं सरपंचपद तोवर संपलं होतं, पण वाफ्याची, आणि वर गावाचं गटार जिथं गोळा होतं त्या चेंबरची देखरेख तिच्याकडंच होती. गावानं ती काढून घेतली नव्हती, तिच्याहून कोण चांगलं बघणार? तिच्या मुलानं, विकासनं, त्याच सुमारास गोठा वाढवला होता. जर्सी गाई घेतल्या होत्या. होळी झाली आणि वाफ्याकडं येणारं पाणी हटायला लागलं. कर्दळीची पानं कडेनं पिवळी पडली, मग करपली. मी शकूला विचारलं. ती म्हणाली, "उन्हाळा हाय गं. नळाला पानी न्हाई, लोक आंघोळी करंनात. विकास तर नुसता पावडर लावून फिरतो." मी हसले. तीही हसली. मी म्हटलं, पण वाफा कोरडा पडला तर… ती म्हणाली, "कर्दळीचा गड्डा मरतो व्हय कुठं? पाऊस पडला की फुटंल बघ तरारून." ते खोटं नव्हतं, गड्डा चिवट असतो. पण जे खरं होतं ते तिनं सांगितलं नाही.

त्याच वर्षी दोन्ही घरांत पाळणा हलायचा होता. मनीषाला दिवस होते, आणि दानीएलची सून रूथ, तिलाही. दोघी दोन-तीन आठवड्यांच्या फरकानं बाळंत होणार होत्या. रूथचं डोहाळजेवण आमच्या अंगणात झालं तेव्हा शकू आली, हिरव्या बांगड्या घेऊन आली, तिची ओटी भरली. रूथच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "खात-पीत जा गं, लई वाळलीस." त्या सुमारास शकूच्या घरचा हंडा आमच्या विहिरीवर यायचा थांबला होता. मी विचारलं तर म्हणाली, "मनीषाला वजन उचलायचं न्हाई आन् माझं गुडघं गेल्यालं. यील तेवढं नळाचंच भरतो सध्या." यात न पटण्यासारखं काय होतं?

पाऊस यायचा तेव्हा धो धो आला. वरून गटार भरभरून वाहत आलं, आणि वाफा तर नुसती वाळलेल्या मुळ्यांनी तुंबलेली खडी. पाणी वाफ्यावरून तसंच उडी मारून विहिरीकडं गेलं. मी विहिरीत औषधाची पावडर टाकत होते, पण वरून रोज तेवढी घाण येत असेल तर पावडर तरी कुठवर पुरणार? महिन्याभरात वस्तीत कावीळ सुरू झाली. आणि रूथला झाली. गरोदर बाईला ही कावीळ म्हणजे काय, ते मी नोकरीत पाहिलेलं होतं. तिचे डोळे पिवळे दिसले त्या क्षणी मी गाडी बोलावली. नगरला नेली. रूथ वाचली. बाळ… मुलगी होती. पोटातच गेली.

शकू दवाखान्यात आली होती. रोज यायची. विकासच्या गाडीतून डबा आणायची, दानीएलच्या बायकोला बळंच दोन घास भरवायची. मी व्हरांड्यात बसले होते, मला मिठी मारून तीच जास्त रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. मी तिची समजूत घालत होते! हे आठवलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

रूथला घरी आणल्यावर वाफा पुन्हा लावायचा म्हणून मी वरचा चेंबर कुठं तुंबलाय का ते बघायला गेले. झाकण सरकवलं तर आत मोटर. काळा पाईप, जमिनीतून पुरून नेलेला, सरळ शकूच्या रानात. पावसामुळं त्या दिवसांत मोटर बंद होती. पाऊस असताना विकासला ते पाणी नको होतं, म्हणून ते आमच्याकडं सोडलं होतं. रानात घास उभा होता, हिरवागार. चहूकडं उन्हाळ्यात माणसाला प्यायला पाणी नव्हतं तेव्हा तो घास कशावर जगला, हे मी आधी मनात आणलं नव्हतं, कारण ते शकूचं रान होतं. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी त्याच दिवशी झाकण उघडलं असतं.

तशीच तिच्या घरी गेले. ती ओसरीवर गहू पाखडत होती. मी म्हटलं, "शकू, चेंबरातली मोटर कुणाची?" सूप हातातच राहिलं. ती खोटं बोलली नाही, आता बोलण्यात अर्थही नव्हता. "विकासची," म्हणाली.

"कधीपासून?"

"माघापासून. रेबे, घास वाळत हुता. गाई मेल्या असत्या गं. आताच गोठा वाढवला, पोरगं रोज डोळ्यात पानी आणायचं. मी आई हाय त्याची."

"आणि रूथ?"

त्यावर ती उठून माझ्याजवळ आली. माझे दोन्ही हात धरले. "तुझ्या गळ्याची आन. मला काय ठावं असं हुईल? मला वाटलं, एका उन्हाळ्याचा तर सवाल हाय, पावसात फुटंल कर्दळ. मला ठाव असतं तर मी हे हू दिलं असतं का? तूच सांग." मी हात सोडवून घेतले आणि घरी आले. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. दानीएलनं नव्या सरपंचाकडं तक्रार केली, त्यांनी बघतो म्हटलं, अजून बघताहेत. वाफ्यावर आता गाजरगवत आहे. वस्ती प्यायचं पाणी टँकरचं नाही तर जारचं घेते, आणि जिच्या पाण्यासाठी वरची आळी आडवाटेनं यायची त्या विहिरीवर गुरंसुद्धा कुणी पाजत नाही.

पण मी तिचं ते बोलणं धरून राहिले होते. तिला ठाऊक नव्हतं. मुलाच्या मायेनं आंधळी झाली, मला फसवलं, दानीएलला दिलेला शब्द मोडला, हे सगळं खरं. पण पुढं काय होणार ते तिला ठाऊक नव्हतं. मी स्वतःला रोज हेच सांगायचे. राग रोज थोडा झिजायचा. रस्त्यात ती दिसली की अजून मान फिरवायचे, पण आता मान फिरवायला जोर लावावा लागत होता. या नाताळला करंज्यांचा डबा तिच्या घरी पाठवायचा, असं मी मनाशी ठरवलं होतं. दानीएलला बोलूनही दाखवलं होतं. ते ऐकून रूथ म्हणाली, "पाठवा आत्या, त्यांना आवडायच्या." ती पोर माझ्याहून मोठ्या मनाची आहे. आणि नाताळच्या आधीच शकू गेली.

संपादकबाईंना लेखासोबत शकूचा फोटो हवा होता. तो मागायला म्हणून गेल्या आठवड्यात मी तिच्या घरी गेले, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. विकास घरी होता. मला बघून ओशाळला, पण लगेच सांगायला लागला की ग्रामपंचायत वाफ्याच्या जागेला आईचं नाव देणार आहे, पाटी तयार होतेय, मावशी तुमी दोन शब्द बोला. मी म्हटलं, आधी मोटर काढ. तो खाली बघत बाहेर निघून गेला. मनीषानं मला आत स्वयंपाकघरात बसवलं. शकूची जागा तशीच होती, चुलीकडच्या भिंतीशी पाट, वर मिसळणाचा डबा. मनीषा माझ्यासाठी पाणी घेऊन आली. मी पेला हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही. आमच्याकडं आता सगळ्यांना ती सवय लागली आहे. ते तिच्या लक्षात आलं.

"प्या की मावशी, फिल्टरचं हाय," असं म्हणून तिनं भिंतीकडं बोट दाखवलं. ओट्याच्या वर पांढरा फिल्टर लावलेला होता. त्याच्या दर्शनी बाजूवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, आता विटकं झालेलं. घरात काहीही नवं आलं, मग ती मोटर असो की मिक्सर, शकू त्यावर बोटानं स्वस्तिक काढल्याशिवाय बटण दाबू द्यायची नाही. मी सहज विचारलं, कधी घेतला?

"ही पोटात हुती ना, तवा," मनीषा म्हणाली. तिची मुलगी तिच्या पदराला धरून उभी होती, दोन वर्षांची, टपोऱ्या डोळ्यांची. "अक्षय तृतीयेचा मुहूर्त धरून आईंनीच पूजा केली. म्हनाल्या, वाफा वाळलाय, पाऊस पडला की सगळी घान खालच्या विहिरीत उतरंल. पोटातल्या लेकराला ते पानी नगं. हंडा पाठवायचाबी बंद केला त्यांनी. लई जपलं मला, मावशी…" आणि तिचे डोळे भरून आले. तिला बिचारीला काही माहीत नव्हतं. सासूची माया सांगत होती ती.

अक्षय तृतीया वैशाखात येते. रूथचं डोहाळजेवण आम्ही मृग लागायच्या थोडं आधी केलं होतं. म्हणजे बोटाचं कुंकू पुसून, फिल्टरचं बटण दाबून, सुनेला पहिला पेला पाजून, मग शकू हिरव्या बांगड्या घेऊन आमच्याकडं आली होती. त्या दिवशी आमच्या अंगणात पंगतीला वाढलेलं पाणी विहिरीचं होतं. पाऊस अजून पडायचा होता. सांगायला मधे किती दिवस मोकळे होते…

त्या छोट्या मुलीनं आपला चिमुकला पेला फिल्टरच्या तोटीखाली धरला, भरला, आणि तिथंच उभ्याउभ्या गटागटा प्याली. माझा तिच्यावर राग नाही. असा कुणाचा असेल? मी तिच्या हनुवटीवरचं पाणी पुसलं, माझ्या हातातला पेला ओट्यावर ठेवला आणि मनीषाला 'येते' म्हणाले. फोटो मागितलाच नाही. या लेखासोबत शकूचा फोटो नसेल, तो त्यामुळं.

शकू, मोटर तू सांगितली नसतीस तरी चाललं असतं. घास, गाई, विकास, काही काही सांगितलं नसतंस तरी. ओटी भरायला वाकली होतीस तेव्हा रूथच्या कानात एवढंच म्हणायचं होतंस, विहिरीचं पाणी पिऊ नको गं. का म्हणून कुणी तुला विचारलंही नसतं. मी तर नाहीच.